काचेच्या पेटीची होडी

उंद्रीच्या कडूबानं जन्मात एकदाच स्वतःसाठी काही मागितलं, आणि ते त्याला मिळालं. कसं मिळालं तेवढंच मी सांगणार आहे. मिळालं म्हणून आधीच आनंदात येऊ नका.

कडूबा विहिरीत बुड्या मारणारा. बादली पडली, घागर पडली, पाणी शेंदता शेंदता कोणाच्या बोटातली अंगठी निसटली, की लोक त्याच्या दारात. लोखंडी गळ टाकून वस्तू निघाली तर ठीक, नाही तर कडूबा कानात तेलाचे बोळे घालायचा, कमरेला दोर बांधायचा, पाण्यातल्या साती आसरांच्या नावानं काठावर हळदकुंकू वाहायचा आणि धोंडा छातीशी धरून तळ गाठायचा. माणूस पडलं तरी बोलावणं त्यालाच. माणूस काढायच्या कामाचं तो काही घेत नसे. एक नारळ घ्यायचा, तोही घरी न नेता मारुतीपुढं ठेवून द्यायचा.

वर दोर धरायला ठरलेला माणूस एकच, फकीर मोहम्मद पिंजारी. दोघांची खूण बांधलेली होती. एक हिसका म्हणजे दोर सोड, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे सापडलं. वर आल्यावर कडूबा एकच शब्द बोलायचा, आहे किंवा नाही. पोलीस पाटील तोच शब्द कागदावर उतरवायचा. तीस वर्षांत तो शब्द कधी खोटा निघाला नव्हता. म्हणजे लोक तसं समजत होते.

खामगावचे इंद्रभानशेट यात्रा कंपनी चालवायचे. वर्षातून एकदा रेल्वेचा अख्खा डबा ठरवायचा, त्यात आचारी, भांडी, म्हातारेकोतारे भरायचे, जलंबला तो मोठ्या गाडीला जोडायचा आणि देव दाखवून आणायचे, असा त्यांचा उद्योग. दोन वर्षांपूर्वी शेटचा चार वर्षांचा नातू घरच्या विहिरीत पडला, तेव्हा कडूबा बाजाराला म्हणून खामगावातच होता. धावत गेला, ना दोर ना तेल, तशीच उडी घेतली आणि पोर वर आणलं. उलटं धरल्यावर ते रडलं. कडूबाच्या हातून जिवंत निघालेला एवढा एकच जीव. शेटनं तेव्हाच शब्द दिला होता, तुला आणि तुझ्या बायकोला रामेश्वर माझ्याकडून.

त्रेसष्ट सालच्या पौषात शेट स्वतः उंद्रीला आले. ओट्यावर बसले, झुंबरबाईच्या हातचा चहा प्याले आणि मुद्द्यावर आले.

"कडूबा, रामेश्वरले आपल्याले एकच दिवस मोकळा भेटते. त्या दिवशी दोन गोष्टी हायेत, अन् दोनी काही होत नाहीत. एक तर धनुष्कोडीले जाचं. तिथं दोन समुद्र एका जागी येतात. तिथं आंघोळ, पिंडदान, जे काय करायचं ते. नाही तर मग होडी."

"कायची होडी?"

"शंख काढनारे लोक असतात ना तिकडं. समुद्रात बुड्या मारतात. त्यायच्या होडीत बसून आत जाचं. त्या होडीत एक पेटी असते, बुडाले काच लावलेली. पेटी पान्यावर टेकवायची अन् आत तोंड घालून पाहाचं. खालचा तळ दिसते म्हनतात. झाडं, मासोया, बुड्या मारनारे, सारं. मले दोनी जागी आधीच पत्र टाकावं लागते, किती मानसं कोठी येनार ते. येत्या बाजाराच्या दिवशी नाव सांग."

कडूबानं चहाची बशी खाली ठेवली. "किती खोल जातात ते?"

"आठ-दहा पुरुष पानी म्हनतात."

"कमरेले दोर असते का?"

"आता ते मले काय मालूम, बाप्पा."

धनुष्कोडी तेव्हा होती. पुढं दोन वर्षं व्हायच्या आत समुद्रानं ती गिळली, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. शेट बोलत राहिले, कडूबाच्या कानात मात्र ती पेटीच राहिली. तुम्हाला वाटेल, पाण्यात जन्म काढलेल्या माणसाला पाण्याचं काय एवढं अप्रूप. अहो, विहिरीच्या तळाशी काही दिसत नसतं. गाळ उठतो, अंधार असतो, डोळे मिटूनच सगळं करायचं. वस्तू हाताला लागते, माणूस हाताला लागतं. तीस वर्षं कडूबानं पाण्याचा तळ नुसता चाचपला होता, पाहिला एकदाही नव्हता. आणि आता त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात सुरू झाला होता.

"मले ते पेटीतलं पाहाचं हाये," तो म्हणाला. साठीच्या माणसानं असं म्हणावं म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली.

शेट जरा घुटमळले. आवाज खाली आणून म्हणाले, "मले वाटलं तू धनुष्कोडी म्हनशील. तुया शालिग्रामचे बारा वर्षं झाले ना आता."

घरात जात्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

शालिग्राम म्हणजे कडूबाचा एकुलता एक मुलगा. पन्नास सालच्या श्रावणात गेला. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, कागद नागपूरला जायचे. गावाखालच्या नदीला रांजणडोह म्हणून एक डोह आहे, तळाशी खडकाच्या कपारी असलेला. कोणाचं तरी तांब्याचं घंगाळ त्यात गेलं होतं आणि कडूबा परगावी. शालिग्राम म्हणाला, मी काढतो. बापानं त्याला लहानपणापासून येताजाता ऐकवलेलं, तुले दम नाही, तुयाच्यानं हे काम होत नाही. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, लग्नाला वर्ष झालेलं. बापाच्या माघारी दम दाखवायला गेला आणि वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा पोचला. अख्खं गाव काठावर. फकीर मोहम्मदनं दोर धरला, कडूबा खाली गेला, वर आला आणि म्हणाला, "नाही."

बस, तेवढंच. कडूबा नाही म्हणाला म्हणजे पोरगा डोहात नाही. डोहात नाही म्हणजे कोठेतरी बाहेर निघाला असेल. बापाच्या बोलण्याला कंटाळून खालच्या अंगानं पोहून निघून गेला असेल, मुंबईला असेल, सुरतेला असेल. झुंबरबाईनं त्या एका शब्दावर घर उभं केलं. सून रुख्मिणी तेव्हा सोळा वर्षांची. तिच्या कपाळावरचं कुंकू त्याच शब्दाच्या जोरावर राहिलं. तिसऱ्या वर्षी तिचा भाऊ आला होता. सोनाळ्याचा एक बिजवर बघितला आहे, माणूस बरा आहे, पाट लावून देतो म्हणाला. आपल्याकडे पाटाला, बाईच्या दुसऱ्या लग्नाला, कोणी नाक मुरडत नाही. झुंबरबाईनं त्याला दारातूनच परत लावलं. "नवरा जिता असतानी पाट कायचा लावता," म्हणाली. "याहीनं सोता तळ पाह्यला. हे नाही म्हनले." कडूबा तेव्हा ओट्यावरच बसला होता. दोर वळत होता, मान खाली घालून वळतच राहिला.

आता खरं काय ते तुम्हाला सांगून टाकतो, कारण कडूबानं ते बारा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. शालिग्राम डोहातच होता. डाव्या कपारीत, खडकाखाली पायापासून खांद्यापर्यंत अडकलेला, एक हात तेवढा बाहेर. कडूबाच्या हाताला आधी बोटं लागली, मग मनगट, मनगटावरचं चांदीचं कडं. लग्नात सासऱ्यानं घातलेलं. त्यानं ओढलं, निघेना. पाय खडकाला लावून ओढलं, निघेना. दम संपला. वर आला तेव्हा समोर झुंबरबाई उभी होती, पदर दोन्ही हातांनी पुढं धरून, कोणीतरी त्यात काही घालणार असल्यासारखी. तिच्याकडे बघताना त्याच्या तोंडून आहे निघालंच नाही. त्याला वाटलं, दुपारी पुन्हा येतो, पोराला मोकळं करतो आणि मगच सांगतो. दुपारी वरच्या रानात पाऊस झाला आणि नदीला लोंढा आला. चार दिवस पाणी उतरलं नाही. पाचव्या दिवशी तो एकटाच गेला आणि कपार रिकामी होती. आता खरोखरच नाही. मग काय सांगायचं आणि कोणाला? बारा वर्षं अशीच गेली.

शेट गेल्यावर घरात दोन दिवस कोणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. बाहेर मात्र अख्ख्या गावाला कंठ फुटला. या गावाला एक वाईट खोड आहे. स्वतःच्या घरचं धड ठरवता येत नाही, दुसऱ्याचं मात्र पारावर बसून ठरतं. बारा वर्षं खबर नाही म्हणजे मेला धरायचा, हा शास्त्राचा नियम झाला. पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पिंड पाडायचे. हे धनुष्कोडीला होतंय, तेही फुकटात, आणि कडूबा होडीत बसून मासे बघायचं म्हणतो. लोक हसले. कोणी म्हणालं, म्हातारचळ लागला.

तिसऱ्या दिवशी जेवताना झुंबरबाईच बोलली. "तुमी होडीचंच नाव सांगा."

कडूबानं घास खाली ठेवला.

"मी पुतळा जाळू देनार नाही. जित्या पोराचा कोनी पुतळा जाळते का? लोकायले काय होते बोलाले. तुमी कधी काही मागतलं नाही, आता मागतलं, तं पाहून घ्या. मीबी पाहीन."

रुख्मिणी तव्यावर भाकरी टाकत होती. तिला विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

म्हणजे बघा, किती सोपं होतं. तोंड बंद ठेवायचं, जे बारा वर्षं ठेवलंच होतं, आणि होडीत जाऊन बसायचं. धनुष्कोडीला जायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. उघडलं नाही तर पोरगा बिनपाण्याचा राहणार, बापाला सगळं ठाऊक असून. आणि रुख्मिणी. अठ्ठावीस वर्षांची झाली होती. रोज सकाळी आरशाच्या तुकड्यात बघून, ज्याचा हात कडूबानं खडकाखाली सोडला होता, त्याच्या नावाचं कुंकू लावायची. कडूबाला रोज ते दिसायचं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यालाही कुंकू दिसतं.

बाजाराला दोन दिवस राहिले तेव्हा तो फकीर मोहम्मदकडे गेला. फकीर मोहम्मद अंगणात एक गादी उसवून धनुकलीनं कापूस पिंजत होता. दाढी पांढरी झालेली, तिच्यात कापूस कोणता आणि केस कोणते ते कळत नव्हतं. कडूबा बसला.

"फकीरभाई, त्या दिवशी दोर तुया हातात होता."

फकीर मोहम्मदनं धनुकली थांबवली. "होता."

"तुले काही समजलं होतं का?"

"तीन हिसके," फकीर मोहम्मद म्हणाला.

कडूबाला हे आठवतच नव्हतं. हाताची सवय. मनगट सापडलं तेव्हा दुसऱ्या हातानं त्यानं दोराला तीन हिसके दिले होते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ही गोष्ट जगात त्याच्या एकट्याजवळ आहे.

"मंग बोलला काऊन नाहीस?"

"पोरगा तुहा. शब्द तुहा. तू नाही म्हनला, मंग मी काय म्हनू? मले वाटलं तू उद्या बोलशील, परवा बोलशील. बोलशील बोलशील करत बारा साल निघून गेले, कडूबा. मी त्या दिवसापासून तुया घरी जेवलो नाही. तुया ध्यानात आलं का?"

कडूबाच्या ध्यानात आलं नव्हतं. ईदेला शिरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून फराळ जायचा, बाकी त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"तुयी सून समोरून गेली की मी मान खाली घालतो," फकीर मोहम्मद म्हणाला. "आता सांगून टाक. लय उशीर झाला, पन सांगून टाक."

बाजाराच्या दिवशी सकाळीच कडूबानं सांगितलं. रुख्मिणी सारवत होती, झुंबरबाई तूर पाखडत होती. त्यानं दाराला पाठ टेकवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. कपार, बोटं, मनगट, ओढलं ते, निघालं नाही ते, वर येऊन काय म्हणाला ते, लोंढा, रिकामी कपार. सांगून झाल्यावर म्हणाला, "मले धनुष्कोडीले जाऊ दे. पोराले पानी देऊ दे."

झुंबरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. रुख्मिणीनंच आधी तोंड उघडलं. शेणाचे हात तसेच वर धरून तिनं विचारलं, "मामाजी, हातात काय होतं?"

"कडं."

"कोन्या हातात?"

"उजव्या. वाकलेलं होतं थोडं, सांध्यापाशी."

रुख्मिणीनं मान हलवली. ते कडं लग्नानंतर तिच्या माहेरी पाटाखाली येऊन वाकलं होतं आणि नव्या जावयाची त्यावरून बायकांत चेष्टा झाली होती. हे कडूबाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत होतं. तिनं पुन्हा सारवायला घेतलं, दोन हात मारले आणि थांबली.

"माहा भाऊ आलता, त्या दिवशी तुमी ओट्यावर बसले होते," ती म्हणाली.

कडूबा हो म्हणाला.

"दोर वयत होते."

"हाव."

"मी दाराआड उभी होती. मले वाटलं, मामाजी काही बोलतीन." एवढं म्हणून ती उठली. बारा वर्षांत सासऱ्याशी इतकं ती कधी बोलली नव्हती. न्हाणीत गेली, हात धुतले, तोंड धुतलं, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर काही नव्हतं. तिनं ना कोणाला विचारलं, ना ती रडली. कुंकवाखालची कातडी इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळं फिकी पडली होती, तेवढा डाग दिसत होता.

कडूबाला वाटलं, झालं, सुटली. पोरगी तरी सुटली. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात झुंबरबाई उठली.

ती देवळीपाशी गेली, करंडा घेतला आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली. बोट बुडवून तिनं रुख्मिणीच्या कपाळावर कुंकू लावलं. कुंकू कसलं, माखलंच. रुख्मिणी मागं सरली तेव्हा झुंबरबाईनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं होतं.

"आत्याबाई, नोको," रुख्मिणी हळूच म्हणाली.

"माह्या पोराचं मयत मी पाह्यलं नाही," झुंबरबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, पाणी भरलं का विचारावं तसा. "पाहीन तवा पुसजो."

मग ती कडूबाकडे वळली. "आहे म्हनून सांगून राह्यले ना तुमी?"

"होता. आता नाही. लोंढ्यात गेला."

"कोठी गेला?"

"नदीनं गेला असन. खाली पूर्नेत."

"पूर्ना कोठी जाते?"

"तापीत."

"अन् तापी?"

कडूबाला समजलं ती कुठं चालली आहे. त्याला वाटलं उत्तर देऊ नये. पण बारा वर्षं उत्तर न देऊन काय झालं ते समोरच होतं. "समुद्रात," तो म्हणाला.

"मंग मले पानी द्यायले नेऊ नोका. काचेच्या पेटीत पाहाले चाला. तुमी सोडून आले त्याले. तुमीच काढाचा. साऱ्या मुलखाचे लेकरं काढून देल्ले तुमी, एक माह्यंच ठेवलं."

कडूबानं तिला समजावून बघितलं. तापीचा समुद्र वेगळा, सुरतेकडचा. रामेश्वर पार दुसऱ्या अंगाला. बारा वर्षांत पाण्यात काही राहत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, शेटच म्हणाले ना, तिथं दोन्ही समुद्र एका जागी येतात. मग वेगळे कसे? आणि काही राहत नाही म्हणता, तर कडं राहील. चांदी कुजत नाही. तुम्हीच विहिरीतून पन्नास वर्षांची वाटी काढली होती, ती काय कुजली होती?

दुपारी फकीर मोहम्मद आला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडला. त्यानंही सांगितलं, वहिनी, मी दोर धरला होता, तीन हिसके बसले होते, आता पोराला पाणी द्या आणि या पोरीला मोकळं करा. झुंबरबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "तीन हिसके बसले तवा तुमी ओढलं," ती म्हणाली. "वरतं याहीलेच आनलं." फकीर मोहम्मदला पाणी गेलं नाही. तांब्या तसाच ठेवून तो निघून गेला.

संध्याकाळी खामगावच्या बाजारात इंद्रभानशेटच्या गादीवर ती स्वतः कडूबाबरोबर गेली. बायकांनी गादीवर जायची रीत नव्हती, तरी गेली. शेटनं वही उघडून विचारलं, "मंग, धनुष्कोडी ना?"

"होडी," झुंबरबाई म्हणाली. "दोघंबी."

शेटनं कडूबाकडे बघितलं. कडूबा वहीकडे बघत होता. शेटना वाटलं, म्हाताऱ्याची हौस, पुरी होऊ द्या. त्यांनी होडीच्या यादीत नाव लिहिलं आणि हसून म्हणाले, "चाल बाप्पा, तुहं मन राह्यलं."

माघ लागला आणि निघायचा दिवस आला. रुख्मिणी वाटेत खायला दशम्या बांधून देत होती. कपाळावर कुंकू होतं. पहिले चार दिवस ती रोज धुवायची आणि झुंबरबाई रोज लावायची. पाचव्या दिवशी तिनं धुतलं नाही. सहाव्या दिवशी तिनं आपल्या हातानं लावलं. निरोप घ्यायला कडूबा तिच्यासमोर उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं, पोरी, भावाकडं निघून जा, आम्ही येईपर्यंत निघून जा. तो तेवढं म्हणालासुद्धा. रुख्मिणीनं दशम्यांच्या फडक्याला गाठ मारली.

"आता कोठी जाऊ, मामाजी," ती म्हणाली. "सोनाळ्याच्या त्या मानसाले चार लेकरं झाले."

खामगावच्या ठेसनावर कंपनीचा डबा उभा होता. म्हाताऱ्या भजनं म्हणत होत्या, आचारी डबे मोजत होता. कडूबा खिडकीपाशी बसला. समोर झुंबरबाई, मांडीवर एक बोचकं. गाडी हलली तेव्हा तिनं गाठ सोडून आतलं पुन्हा एकदा तपासलं. एक नवं धोतर होतं, घडी न मोडलेलं, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या मापाचं. त्याच्याखाली वेटोळं करून ठेवलेला जुना दोर होता. त्याच दिवसाचा, की ओट्यावर वळलेला, ते कडूबानं बघितलं नाही.

"दोर मी धरीन," ती म्हणाली. "खूण मले मालूम हाये."

कडूबानं मान हलवली. त्याला सगळं आताच दिसत होतं. होडी उभी राहील, कोणीतरी पेटी पाण्यावर टेकवेल, तो आत तोंड घालील. खाली सगळ्यांना दिसेल ते त्याला दिसणार नाही, नुसतं दुधासारखं पांढरं दिसेल. तो थोडा वेळ तसाच राहील, दम असेल तितका वेळ. मग डोकं वर काढावं लागेल. समोर ती बसलेली असेल, पदर पुढं धरून, आणि त्याला तो एक शब्द पुन्हा बोलावा लागेल.

"किती टाइम लागन तिथं जाले?" झुंबरबाईनं विचारलं.

"चार दिवस," कडूबा म्हणाला.

ती बोचक्याची गाठ मारून खिडकीबाहेर बघत बसली.